शिमग्याचा डफ

अमरावतीच्या कापूस बाजारामागे आमचा गोठा होता. त्या सालांत विलायतेला इकडचाच कापूस हवा होता, त्यामुळे मोकळी जागा दिसली की तिथं कापसाची गंजी उभी राही. दिवाळीनंतर एक गंजी पेटली. दलाल म्हणे कापूस ओढा, गाडीवाले म्हणत गाड्या काढा, आणि पाणी कोणीच टाकेना. जो उठला तो हुकूम सोडत होता!

म्हणून पलटणीतून सुटून आलेल्या म्हाताऱ्या हवालदाराने गल्लीतल्या पुरुषांची टोळी बांधली. हुकूम एकट्या त्याचा. त्याचा डफ वाजला की घागरवाल्यांनी विहिरीपासून रांग धरायची, आकडेवाल्यांनी लांब आकड्यांनी छपरं नि काटक्या-मातीचे कूड ओढून पाडायचे. डफ वाजेपर्यंत कोणी जागचं हलायचं नाही. माझा नवरा आकडेवाल्यांत होता. मिशीला पीळ देत मला सांगे, "आता काय बिशाद हाय आगीची!"

हे ठरलं पौषात. फाल्गुनात शिमगा येतो, हे एकाही शहाण्याच्या ध्यानात आलं नाही.

होळीच्या संध्याकाळी ठिणगी उडून आमच्या गोठ्यावर पडली. आत बैल बांधलेला, वासरू होता तेव्हापासून मी हाताने वाढवलेला. दारावरचं गवतच आधी पेटलं. मागचा कूड पाडला असता तर तो निघाला असता, पण माझ्या एकटीने कूड हलेना. हवालदार धावत आला आणि जीव खाऊन डफ बडवू लागला. तिकडे होळीपुढे डफच डफ! आमचा त्यांत आणखी एक.

मी होळीकडे पळाले, तोंडावर हात मारत "गोठा पेटला" म्हणून ओरडले. शिमग्याची बोंबही अशीच मारतात. सगळे खिदळले.

"वयनी बी बोंबलून राह्यली!" कोणीतरी म्हणालं, आणि त्यांनीही बोंब ठोकली.

नवऱ्याचा हात धरून ओढलं, धूर दाखवला. धूर तर चहूकडे होता.

"थांब ना वं," तो हसत म्हणाला, "हवालदाराचा डफ वाजला म्हंजे जातोच ना आमी!"

मी त्याचा हात झिडकारला. रडूही फुटेना, इतका संताप आला.

छप्पर कोसळलं तेव्हा कुठे सगळ्यांच्या माना वळल्या. मग मात्र हवालदाराने हात वर केला आणि पाहतापाहता विहिरीपासून रांग लागली, अगदी शिकवल्याबरहुकूम. घागरी हातोहात आल्या. नवऱ्याने आकडा टाकला, आणि मागचा कूड एका ओढीत आडवा झाला.

बैल त्या कुडालाच डोकं लावून पडला होता.