कुवेतच्या बायचं ‘कधीपासून?’

“कधीपासून?” हा बायचा पहिला प्रश्न. समोरचा गुडघा दुखतो म्हणो की सून बोलत नाही म्हणो, ती आधी त्याचं मनगट हातात घ्यायची, डोळे मिटायची आणि विचारायची, “कधीपासून?” कुणी “नेहमीच” म्हणालं की मनगट सोडून द्यायची. “नेहमीचं असं दुखणं नसतं. आठवून ये.”

वसईकडच्या आमच्या बोळिंजच्या कॉम्प्लेक्सच्या भिंतीला लागूनच तिची वाडी. बाय नर्स होती. ऐन तरुणपणी बगदादला गेली, पुढे कुवेतच्या इस्पितळात राहिली आणि म्हातारपणी भावाच्या घरी परत आली. लग्न केलं नव्हतं. सिस्टर म्हणावं तर लोक तिला चर्चमधली नन समजायचे, म्हणून सगळा गाव तिला कुवेतची बाय म्हणायचा. संध्याकाळी ओटीवर बसून ती येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बीपी मोजायची. फुकट. बोलणी मात्र खावी लागत.

आखातातून परतलेली माणसं सोनं आणतात, घड्याळं आणतात. बायने राग आणला होता, आणि तोही एकाच वाक्याचा. ते वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. टीव्हीवर तिकडची पडलेली घरं दिसली की कुणीतरी भजी खाता खाता ते म्हणतंच.

त्या दिवशी ते माझे मेव्हणे म्हणाले. पुण्याहून आले होते, बाय आमच्याकडे चहाला बसली होती आणि टीव्हीवर बातम्या लागल्या होत्या. मेव्हणे म्हणाले, “या अरबांचं असंच. हजारो वर्षं एकमेकांचे गळे धरतायत.”

बायने कप खाली ठेवला आणि त्यांचं मनगट धरलं.

“कधीपासून?”

“अहो, हजारो...”

“हजार सोडा. पिढी सांगा. आजोबांपासून की पणजोबांपासून?”

मेव्हण्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी चिवड्याकडे पाहिलं.

“ऐका,” बाय म्हणाली. “समजा अरबांचा मुलूख म्हणजे एक वाडी, तुर्काची. सगळं गोड होतं असं नाही, तुर्कही धनीच होता. पहिल्या महायुद्धात साहेबाला ती वाडी हवी झाली. त्याने अरबांना सांगितलं, तुर्काशी लढा, राज्य तुमचं. तिकडे फ्रेंचांबरोबर बसून तीच वाडी नकाशावर गुपचूप वाटून घेतली. आणि ज्यूंना शब्द दिला, पॅलेस्टाईनमध्ये तुमचं घर व्हायला मदत करू. वाडी एक आणि इसार तिघांचा. जे तिथे राहत होते त्यांना कुणी विचारलंसुद्धा नाही. मग नातवंडांच्या हातात काठ्या येणार की नाही?”

मेव्हणेही हार मानणारे नव्हते. “म्हणजे पाप सगळं इंग्रजांचं आणि आताचे लोक साधुसंत?”

“असं कोण म्हणालं? रेघ साहेबाची, पण गोळी आजच्या माणसाची. साहेबाने खुर्चीवर बसवलेले राजे, त्यांना पाडणारे लष्करवाले, सगळ्यांनी आपापल्या सोयीने तीच रेघ वापरली. त्यांचा हिशेब त्यांनी द्यावा. पण जखम कधीची ते न विचारता वरून पट्टी बांधली की आत पू होतो. मी आयुष्यभर पू साफ केलाय, मला नका सांगू.”

ती गेल्यावर मेव्हणे बराच वेळ आपलं मनगट चोळत होते.

हे तिला कुणी वर्गात शिकवलं नव्हतं. ती रोग्यांना विचारायची आणि मग मिळेल ते वाचायची. तिच्या वॉर्डात एक म्हातारा बेदुईन होता, वाळवंटात उंट पाळणारा. त्याच्या आजोबांची विहीर इराकमध्ये गेली, चराईचं रान सौदीत गेलं आणि मामाचं घर कुवेतमध्ये राहिलं. एका इंग्रज अधिकाऱ्याने तंबूत बसून पेन्सिलीने रेघ ओढली, एवढंच झालं होतं. म्हातारा म्हणायचा, उंटाला नकाशा वाचता येत नाही. बायला ते फार आवडायचं. आमच्या वसईबद्दलही ती तसंच बोलायची. “पोर्तुगीज आला, पेशवा आला, इंग्रज आला. आडनाव एकाने दिलं, टपाल दुसऱ्याने दिलं. केळीने मात्र कुणालाच विचारलं नाही, ती आपली येत राहिली.”

इराकने कुवेत घेतलं तेव्हा ती तिथेच होती. एक कोवळा इराकी शिपाई पायाला गळू घेऊन आला आणि टेबलावर पडल्या पडल्या म्हणाला, कुवेत आमचंच आहे. हिने सुई भरता भरता विचारलं, “कधीपासून?” तो म्हणाला, नेहमीपासून. बाहेर त्याचा अधिकारी बंदूक घेऊन उभा होता. “मग?” मी विचारलं. “मग काय? सुई टोचली. ओरडला आईच्या नावाने. तेवढं मात्र नेहमीपासूनचं.”

हसत हसत सांगायची, पण पुढची गोष्ट सांगताना हसायची नाही. तिच्या इस्पितळात औषधं देणारा एक पॅलेस्टिनी होता. वडिलांचं गाव हातचं गेलं म्हणून हे कुटुंब कुवेतला आलेलं. लढाई पेटायच्या आत बाय बसने बगदाद, तिथून अम्मान करत मुंबईला पोचली. दीड-दोन वर्षांनी परत कामावर गेली, तर औषधांच्या खिडकीत दुसराच माणूस. त्यांच्या पुढाऱ्याने इराकची बाजू घेतली म्हणून सगळ्या पॅलेस्टिनींकडे बोट दाखवलं गेलं होतं आणि याचं दुसरं घरही सुटलं होतं. मेट्रन म्हणाली, ते लोक नेहमीचेच दगाबाज. बायने विचारलं, “कधीपासून?” मेट्रन फायली चाळायला लागली. “मला तिथे काहीच करता आलं नाही रे,” ती म्हणाली. “प्रश्न विचारला, बस्स. त्या खिडकीसमोर उभी राहून मी खूप रडले.”

नंतर तिच्या स्वतःच्या वाडीत जे घडलं, ते समजायला ही खिडकी लक्षात ठेवायला हवी.

भाऊ गेल्यावर भाच्यांनी वाटणी काढली. दोघे तिच्या भावाचे मुलगे, थोरला बागायती करणारा, धाकटा नोकरीवाला. वाडीच्या मधोमध बावखल होतं. बावखल म्हणजे आमच्याकडचं वाडीतलं लहान तळं, पावसाचं पाणी धरणारं आणि आसपासच्या विहिरी जिवंत ठेवणारं. उन्हाळ्यात सगळं घर मिळून त्यातला गाळ काढायचं, तो केळीच्या बुंध्यांना घालायचं आणि त्या दिवशी एकाच पंगतीत जेवायचं. जुन्या लोकांची वाटणीची रीतही ठरलेली होती. हद्द दोघांनी पायी चालून ठरवायची. पाणी वाटायचं नाही, पाळी वाटायची. आणि आपली पाळी सुरू करताना दुसऱ्याला हाक घालायची.

भाच्यांनी मध्यस्थ गाठला तो अंधेरीचा. त्याने ऑफिसात बसून नकाशावर पट्टीने सरळ रेघ ओढली. क्षेत्र अगदी समसमान. बावखल पूर्ण धाकट्याच्या बाजूला गेलं. थोरल्याला त्याने सांगितलं, पाणी तुम्हाला मिळतच राहील. धाकट्याला सांगितलं, बावखल बुजवा, प्लॉटला सोन्याचा भाव येईल. वाडीत मात्र त्याने एकदाही पाऊल टाकलं नाही.

वाडीत बायचाही हिस्सा होता, म्हणून कागदावर तिची सही लागणार होती. तिने चष्मा लावून नकाशा पाहिला आणि म्हणाली, “हा माणूस मला ओळखीचा वाटतो.” सही केली नाही.

सहीवाचूनच भांडण पेटलं. थोरल्याने पाइप टाकला, धाकट्याने तो कापला. मुलांचं एकमेकांकडे जाणं बंद झालं. गावात जो तो म्हणू लागला, त्या दोघांचं पहिल्यापासूनच वाकडं. मीही मान डोलावली असेन, गावात राहायचं तर डोलवावी लागते.

मग एका सकाळी भरावाचा डंपर आला. बाय प्लास्टिकची खुर्ची घेऊन बावखलाच्या काठावर, बरोबर त्याच्या वाटेत बसली. मांडीवर बीपीचं यंत्र. ड्रायव्हर खाली उतरला. “माताजी, हटो ना, मेरा टाइम खोटी हो रहा है.” तिने त्याचं मनगट धरलं. “चक्कर कबसे आती है?” तो चपापला. चक्कर खरंच येत होती. बीपी भलतंच वाढलेलं निघालं. तिने त्याला सावलीत बसवलं, पाणी दिलं, दवाखान्यात जायची शपथ घातली. डंपर भरल्या पोटी परत गेला. आम्ही भिंतीवरून पाहत होतो. कुणीतरी टाळ्या वाजवल्या, तर तिने आमच्याकडे असं पाहिलं की आम्ही मुकाट खाली उतरलो.

मग तिने दोन्ही भाच्यांना तिथेच बोलावलं. साक्षीला मला थांबवलं. एका हातात एकाचं मनगट, दुसऱ्यात दुसऱ्याचं.

“कधीपासून?”

“लहानपणापासून,” धाकटा म्हणाला.

“लहानपणी तुझी फी कोणी भरली?”

“...त्याने.”

“मग कधीपासून? आठव. मला वेळ आहे.”

ते मागे मागे जात राहिले. पाइप कापला तो दिवस. त्याआधीची शिवीगाळ. त्याआधी ईस्टरचं जेवण, तेव्हा तर एकत्रच होते. शेवटी थोरला हळूच म्हणाला, “आत्या, नकाशा घरात आला त्या आठवड्यापासून.”

धाकट्याने ते खोडून काढलं नाही. गळाभेट वगैरे झाली नाही. अशा गोष्टी गावात होत नसतात.

“तिकडचं मला काही सुधारता आलं नाही,” बाय म्हणाली. दोघांची मनगटं तिने अजून सोडली नव्हती. “ही एक रेघ तरी मी चालून बघणार. उठा दोघे.”

तिचं हृदय तेव्हा थकलं होतं. थोडं चालली की बसावं लागे. मग एक भाचा तिला धरायचा आणि दुसरा खुर्ची घेऊन पुढे जायचा, थोड्या वेळाने अदलाबदल. अशी सगळी वाडी ती चालून आली. पट्टीची सरळ रेघ वाकडी झाली, फणसाला वळसा घालून गेली आणि बावखलाशी येऊन थांबली. बावखल दोघांचं राहिलं. पाळी वाटली, हाकेची रीत तिने ठणकावून परत लावली. नव्या नकाशावर सही केली तेव्हा पेन माझं होतं. ते तिने परत दिलं नाही.

पुढच्या उन्हाळ्याआधी बाय गेली. महिन्याच्या मिस्सेनंतर, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेनंतर, आम्ही तिच्या ओटीवर जेवायला बसलो होतो. तिचा एक लांबचा नातलग हात धुता धुता म्हणाला, “बिचारीने जीव आटवला. पण या दोघा भावांचं काय, जन्मापासूनच वाकडं.”

थोरला वाढत होता. तो थांबला. “जन्मापासून नाही,” तो म्हणाला. “नकाशा आला तेव्हापासून. आणि फी मी भरली होती.”

पातेलं खाली ठेवून तो बाहेर गेला, कारण पाण्याची वेळ झाली होती. तुम्हाला खरं सांगतो, ते दोघे आजही फारसं बोलत नाहीत. पण पाळीची हाक चुकत नाही. मी ओटीवरून पाहिलं. बावखलाच्या काठी बायची प्लास्टिकची खुर्ची तशीच होती. थोरला तिच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला आणि पलीकडे ओरडला, “पाणी लावतो रे!”

 केळीतून धाकट्याचा आवाज आला, “लाव!”