सांगोल्याची भरलेली गाडी

कॉम्प्युटर गोठला तरी मामा तो बंद करत नसत, कारण गाडीत पॅसेंजर असत. पडद्यावरची बस रस्त्यात थांबलेली, इंजिनाचा आवाज एकाच सुरात अडकलेला, आणि मामा खुर्चीतून उठून घराच्या दारात उभे. गाडी बंद पडली की ड्रायव्हरने खाली उतरायचं, ही त्यांची पद्धत. मग मला फोन येई. "पाव्हणं, गाडी बंद पडलीया. मानसं खोळंबल्यात." मी त्यांच्याच गल्लीत राहत असे आणि मला कॉम्प्युटरमधलं थोडंफार कळत असे. मी सांगे, बटण दाबून बंद करा आणि पुन्हा चालू करा. मामा विचारत, "आन् ह्यांनी जायचं कसं?"

सगळी गल्ली त्यांना मामा म्हणे. ते मूळचे मंद्रूपचे. सोलापूर डेपोत लाल गाडीवर ड्रायव्हर होते. नोकरीच्या अखेरीस एकदा सांगोल्याला निघालेली भरलेली गाडी त्यांनी मंगळवेढ्याच्या पुढे बाजूला घेतली. रक्तातली साखर उतरली होती, समोरचं दिसेना. कुणाला खरचटलंही नाही. प्रवासी मागच्या गाडीने गेले. डॉक्टरी तपासणीनंतर मामांच्या हाती पुन्हा स्टिअरिंग आलं नाही. निवृत्तीपर्यंत ते डेपोच्या गेटवर बसले. त्याबद्दल त्यांनी तक्रार केल्याचं आठवत नाही. एकदाच म्हणाले, "मानसं पोचली. माझी गाडी काय सांगोल्याला पोचली न्हाय."

मामांचा मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा त्याचा गेम खेळायचा कॉम्प्युटर घरीच राहिला. त्यात बस चालवण्याचा एक गेम होता आणि कुणा हौशी माणसाने त्या गेमसाठी सोलापूर ते सांगोला हा रस्ता तयार करून इंटरनेटवर ठेवला होता. मुलाने तो घालून दिला, शिवाय टेबलाला लावायचं स्टिअरिंग आणलं. मामा खेळू लागले असं म्हणता येणार नाही. ते ड्यूटीवर रुजू झाले. बसण्याआधी टेबलाभोवती एक फेरी. टायर बघावा तशी ते कॅबिनेटला बुटाच्या टोकाने ठोकर मारत. मी ते बंद करायला लावल्यावर टेबलाच्या पायाला मारू लागले. मंगळवेढ्याच्या स्टँडवर गाडी उभी करून ते चहा घेत. "अवो, पोचलासा व्हय?" मामी आतून विचारत आणि आधण ठेवत.

सुरुवातीला गाडी धक्के खात चाले. प्रवाशांना धक्के बसतात म्हणून मामा मंगळवेढ्याहूनच परत फिरत. मुलाने पुण्याहून रॅमची, म्हणजे मेमरीची, नवी पट्टी पाठवली. ती जुनीच्या शेजारी बसवली, धक्के कमी झाले. आता मंगळवेढ्याच्या पुढे गाडी गोठू लागली.

मी बरेच दिवस तपासत होतो. पंखे साफ केले, उन्हाळा असल्याने कॅबिनेटचं झाकण काढून समोर टेबलफॅन ठेवला, हार्ड डिस्क पाहिली. मी शेजारी बसलो की गाडी दरवेळी सांगोल्याला बिनतक्रार पोचे. ते पोचणं मामा धरत नसत, कारण तपासणीची गाडी ते रिकामी नेत. "ट्रायलला पॅसेंजर घेत न्हाईत. कुठल्या वर्कशापात घेत्यात, सांगा की."

खोट तिथेच होती. गेममधला प्रत्येक प्रवासी म्हणजे कॉम्प्युटरच्या मेमरीवरचं ओझं. रिकाम्या गाडीत ते ओझंच नव्हतं, मग बिघाड दिसणार कसा? मी म्हणालो, भरलेली गाडी नेऊनच बघावं लागेल.

"बिघाड हाय म्हाईत असून मानसं बसवायची?"

"मामा, ती काही खरी माणसं नाहीत."

"नसंनात. गाडी माझ्या ताब्यात हाय."

दोन दिवस आमचं बोलणं बंद होतं. अखेर मामींनी तोडगा काढला. "सांगून बसवा की. ज्येला यायचं त्यो यील." तिसऱ्या दिवशी मामांनी सोलापूर स्टँडवर गाडी भरली आणि पडद्याकडे बघून मोठ्याने म्हणाले, "गाडी ट्रायलची हाय. घाई आसंल त्येनी मागच्या गाडीनं यावं." थोडा वेळ वाट पाहिली. कुणी उतरलं नाही.

मंगळवेढ्याच्या पुढे गाडी गोठली, आणि या वेळी मी बाकी सगळं सोडून मेमरीच तपासली. जुनी पट्टी संथ होती, नवी वेगवान. मुलाने फोनवरून सांगून सेटिंगमध्ये नवीचा वेग लावायला लावला होता. तो जुनीला झेपत नव्हता. मेमरी भरत आली की जुनी चुके आणि सगळंच थांबे. मी म्हणालो, जुनी काढून टाकू. मामा म्हणाले, "काढायची न्हाय. तिला म्हाईत हाय रस्ता." मग दोन्ही पट्ट्या जुनीच्या वेगावर आणल्या. उरलेले धक्के ग्राफिक्स कार्डाचे होते, म्हणून गेममधल्या सावल्या बंद केल्या. चित्र जरा उघडं दिसेल, असं मी सांगितलं.

"सांगोल्याच्या रस्त्याला सावली हाय कुटं?" मामा म्हणाले.

मामा आता नाहीत. त्यांना ड्यूटीवर मी शेवटचं पाहिलं ते त्यानंतरच्या रविवारी, दुपारी. गाडी भरलेली होती. मंगळवेढ्याला त्यांनी चहा घेतला, पुढे निघाले, आणि जिथे गाडी गोठत असे तिथून बोलता बोलता पुढे गेले. बोलत मी होतो. मामा रस्त्याकडे बघत होते.

सांगोल्याच्या स्टँडवर गाडी लागली. दार उघडलं. प्रवासी एकेक करून उतरले. मागच्या सीटवरची एक म्हातारी तेवढी बसून राहिली. हौशी माणसाने केलेल्या कामात असा एखादा दोष राहतो. ती उतरणार नाही हे मी मामांना सांगितलं.

"म्हातारं मानूस हाय. येळ लागतो," मामा म्हणाले आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

मामींनी दोनदा जेवायला हाक मारली. तिसऱ्यांदा त्या बाहेर आल्या, काय झालंय ते माझ्याकडून ऐकून घेतलं, पदराला हात पुसले आणि पडद्याजवळ वाकून, कमी ऐकू येणाऱ्याशी बोलावं तशा म्हणाल्या, "आजी, सांगोला आलं बगा. उतरून घ्या."

म्हातारी होती तिथेच होती. मामांनी पडद्यावरच्या गाडीच्या आरशात बराच वेळ पाहिलं.

"उतरली," ते म्हणाले आणि हात धुवायला उठले.