कॅप्टन बागवान आणि लातूरचे सर

भूकंप झाला तेव्हा मी नायक होतो. आमची पलटण सिकंदराबादला होती. हुकूम आला आणि दुसऱ्या दिवशी आमची कंपनी औसा तालुक्यात उतरली. माझं गाव त्याच तालुक्यातलं. घरचे वाचले, एवढा निरोप मिळाला आणि मी कामाला लागलो. काम म्हणजे दगड उपसायचे आणि खालची माणसं बाहेर काढायची. बहुतेक मेलेली.

उपसणारे थोडे होते, बघणारे लई. जीपा भरून लोक यायचे. नाकाला रुमाल, गळ्यात कॅमेरा. लातूरच्या एका क्लासचे सर तर बॅनर घेऊनच आले होते. त्यांनी फाटके कपडे वाटले. ज्यांच्या घरात चिता पेटवायला दुसरा माणूस उरला नव्हता, त्यांना त्यांनी बॅनरखाली रांगेत उभं केलं आणि फोटो काढले.

त्याच दिवशी नांदेडहून केळ्यांचा टेम्पो आला. सोबत एक लांबट, सडपातळ पोरगा होता. केळी उतरवून झाली तरी तो जाईना. मी ओरडलो, "ए, बघून झालं असंल तर निघ."

"बघाया न्हाई आलो," तो म्हणाला. "फावडं द्या."

नाव अन्वर बागवान. बाप नांदेडला केळ्यांचा व्यापारी, अर्धापूरचा माल घेणारा. पोरगा विद्यापीठाच्या खो-खो संघाचा कप्तान.

दुपारी एका पडलेल्या माळवदाखालून आवाज आला. आत म्हातारी जिवंत होती. फट इतकी अरुंद की माझा खांदा शिरेना. अन्वर पोटावर आडवा झाला आणि आत सरकला. तो आत असताना जमीन पुन्हा हलली. वरची माती घसरली. बघे पळाले. मी हाक मारली, "अन्वर, बाहेर ये!"

आतून आवाज आला तो म्हातारीसाठी होता. "आज्जी, गळ्याला धरा. सोडू नका."

तो तिला घेऊनच बाहेर आला. डोक्यापासून पायापर्यंत माती. क्लासचे सर जवळच होते. त्यांनी त्याला ओळखलं. म्हणाले, "काय रे बागवान, अजून मातीतच का?"

संध्याकाळी मी विचारलं तेव्हा अन्वरनं सांगितलं. बापानं बारावीला त्याला लातूरला या सरांकडे घातलं होतं. सामन्यांसाठी तो चार वेळा गैरहजर राहिला. सरांनी भर वर्गात उभं केलं. "असली पोरं आमच्या निकालाची माती करतात," म्हणाले आणि त्याचं दप्तर जिन्यावरून खाली फेकलं.

आमच्या कंपनी कमांडर साहेबांनी म्हातारीला बाहेर येताना पाहिलं होतं. ते अन्वरला एवढंच म्हणाले, "पदवी घे. मग फौजेत ये."

काही वर्षांनी तो आमच्याच पलटणीत लेफ्टनंट होऊन आला. मी तोवर हवालदार झालो होतो. कडक सॅल्यूट ठोकला. त्या दिवसापासून तो माझ्यासाठी साहेब.

साहेब संध्याकाळी जवानांना खो-खो खेळवायचे. त्यांना मैदानात हुलकावणी देणारा एकच गडी होता, लान्स नायक बाबू राठोड. किनवटकडच्या तांड्यावरचा. साहेब पडले की तो हसायचा आणि मग घाबरून सॅल्यूट करायचा. साहेब पडल्या पडल्या त्याला सॅल्यूट परत द्यायचे.

मग कारगिलचा उन्हाळा आला. साहेब तेव्हा कॅप्टन होते. अंधारात चढलो आणि उजाडताना शिखराच्या खाली अडकलो. वरच्या बंकरमधली मशीनगन डोकं उचलू देईना. रेडिओवर पलटणीचे सीओ साहेब आले.

"पोझिशन सांगा."

"बंकरच्या खाली. अडकलोय. ओव्हर."

"तोफा मागू?"

"नको सर. फार जवळ आहोत. डावीकडून जातो. ओव्हर."

साहेबांनी राठोडला आणि आणखी दोघांना घेतलं. मला म्हणाले, "उस्ताद, समोरून फायर चालू ठेवा. थांबू नका."

मी थांबलो नाही. खालून मला सगळं दिसत होतं. चौघं दगडाआडून दगडाआड सरकत होते. बंकर हाकेच्या अंतरावर राहिला तेव्हा साहेबांच्या गुडघ्यात गोळी लागली. ते उघड्यावर पडले. मशीनगन त्यांच्याकडे वळू लागली.

राठोड दगडाआड होता. सुरक्षित होता. तो उठला. उभा राहून उजवीकडे पळाला, सगळ्यांना दिसेल असा. गन त्याच्या मागे फिरली. पुढच्या दगडापर्यंत तो पोचला नाही. तेवढ्या वेळात साहेब सरपटत बंकरला भिडले आणि भोकातून ग्रेनेड आत टाकला.

रेडिओवर त्यांचा आवाज आला. "बंकर खामोश. राठोड गेला. ओव्हर."

साहेबांना शौर्यपदक मिळालं. गुडघा गेला. काही काळानं ते मेडिकलवर फौजेतून निघाले आणि नांदेडला आले. मीही पेन्शनीत आलो.

तोवर लातूर ओळखू येईना. भूकंपात पडलेल्याच्या दसपट माती क्लासवाल्यांनी उकरली होती. गल्लोगल्ली इमारती, प्रत्येक इमारतीत कोंबलेली पोरं, आणि पोरांच्या चेहऱ्यांपेक्षा मोठे सरांचे चेहरे. आमच्या त्या सरांची तर तीन मजली इमारत झाली होती. त्यांना आता कॅप्टन बागवान पाहुणे म्हणून हवे होते. साहेब तयार नव्हते. बापानं सांगितलं, "बेटा, ज्यानं हाकललं त्याच्या दारातनं एकदा ताठ मानेनं जाऊन ये." म्हणून आम्ही दोघं गेलो.

फाटकावर मोठा फ्लेक्स होता. कडेनं मार्कांसह पोरांचे चेहरे, मधोमध साहेब. खाली लिहिलं होतं: आमचा माजी विद्यार्थी. फोटो लढाईच्या आदल्या आठवड्यातला. मी तो ओळखला. मूळ फोटोत राठोड शेजारी उभा होता. इथं तो नव्हता. साहेबांच्या खांद्यावर त्याचा हात तेवढा राहिला होता, मनगटापासून कापलेला.

साहेब काठीवर टेकून थांबले. "हा हात कुणाचा?"

सर हसले. "ते होय? बाजूला कुणी जवान होता. डिझाइनवाल्यानं कापला, हात राहिला. मी झापतो त्याला."

आत गेलो. सरांनी शिस्तीवर लांबलचक भाषण केलं. साहेबांच्या शौर्याचा पाया याच वर्गात घातला गेला, असंही बोलले. माझ्या तोंडात थुंकी जमली होती. सतरंजी नवी होती म्हणून गिळली.

साहेब उठले. "मी या क्लासचा विद्यार्थी न्हाई," ते म्हणाले. "सरांनी मला हाकललं होतं. त्याचं मला काही न्हाई. बाहेर माझ्या खांद्यावर एक हात हाय. तो लान्स नायक बाबू राठोडचा. दहावी नापास. तो मेला म्हणून मी जिवंत हाय. सरांच्या डिझाइनमध्ये तो बसला न्हाई." आणि खाली बसले.

सरांनी माईक ओढला. "किती प्रेरणादायी! टाळ्या!" पोरांना सांगितलं म्हणून पोरांनी वाजवल्या. लाज नावाची वस्तू त्या माणसाला बारावीच्या अभ्यासक्रमात नसावी. फ्लेक्स पुढच्या निकालापर्यंत तिथंच होता. हातासकट.

दुसऱ्या दिवशी नांदेडहून आम्ही किनवटला गेलो. राठोडची आई दारात बसली होती. तिनं साहेबांचा गुडघा दाबून बघितला. "अजून दुखतो का रे?"

"हाव, माय."

"बाबू लहानपणी असाच पडायचा," ती म्हणाली आणि आत चहा ठेवायला गेली.

साहेब आता तिथल्या आश्रमशाळेत पोरांना खो-खो शिकवतात. बसून शिकवतात, पळता येत नाही म्हणून. पदक नांदेडला कपाटात आहे.

माझ्याकडे राठोडचं काहीच नाही. आठवतं एवढंच. उंची बेताची. गायचा बेसूर, पण रोज गायचा. डाळ आवडत नसे, ती दुसऱ्याच्या ताटात ढकलायचा. त्या सकाळी मी खाली होतो आणि रेडिओचा प्रत्येक शब्द ऐकला होता. त्याला उठायचा हुकूम कुणीही दिला नव्हता.