वास नसलेल्या फ्लास्कमधून आलेला वास

संकेत, भास वगैरेंवर माझा कधीच विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही... पण हे घडलं, आणि माझा मोठा भाऊ त्यामुळे जिवंत आहे. आठवीतून शाळा सुटली, लिहिण्यात चुका असतील — सांभाळून घ्या.

मी बुलढाण्याजवळच्या देऊळघाटचा. पुण्यात एका रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये मदतनीस आहे. आमच्या मॅडम कापूस विरघळवतात. हो, कापूस! पाण्यात, रॉकेलमध्ये काही न होणारा कापूस 'आयनिक लिक्विड'मध्ये गरम केला की मधासारखा होतो. मग त्यात दुसरी रसायनं घालून त्याचा पातळ कागद बनवतात. मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "हे मीठच आहे, पण पातळ. हवेत उडत नाही, म्हणून वास नाही, आणि पुन्हा वापरता येतं. फक्त झाकण उघडायचं नाही. हवेतलं पाणी शिरलं की ती खेप वाया."

गेल्या हंगामातला आमच्याच वावरातला थोडा कापूस मी पिशवीतून लॅबमध्ये नेला होता. मॅडमनी तो धुऊन, उकळून, सुकवून घेतला.

पोळा होऊन गेला होता. सकाळचे अकरा. त्याच कापसाचा फ्लास्क तापत होता... आणि एकदम फवारणीच्या औषधाचा वास आला. उग्र, घशात बसणारा. लहानपणापासून पंपात पाणी भरलंय, तो वास ओळखायला मी चुकणार नाही. गावाकडची सवय — काही बिघडलं वाटलं की आधी हुंगायचं. झाकण काढलं, नाक लावलं. डोळ्यांत पाणी आलं.

"गजानन! काय केलंस हे?"

"मॅडम, औषधाचा वास..."

त्यांनी हुंगलं. शेजारच्या दोन मुलींनी हुंगलं. कुणालाच काही नाही. मॅडमचं आठवड्याचं काम गेलं होतं. मला वाटलं, नोकरीही गेली. पण त्यांनी फ्लास्क बाजूला सारला.

"घरी कोण फवारतं?"

"दादा."

"मग आधी फोन लाव."

मायनं उचलला. "दादा सकायपासून पऱ्हाटीत फवारून राह्यला. काऊन रे?"

"माये, पयत जाय वावरात! त्याले बाहेर काढ!"

"येडा झाला का?"

"जाय ना माये... तुह्या पाया पडतो."

पऱ्हाटी म्हणजे आमची कपाशी. ती डोक्याएवढी, वारा बंद, तोंडाला साधा रुमाल. बीटी बियाणं आलं तेव्हा फवारणी सुटेल म्हणायचे. गुलाबी बोंडअळीनं ते खोटं पाडलं. माय पोचली तेव्हा दादा धुऱ्यावर, बांधावर पडलेला. उलट्या, बोलणं बंद. शेजारच्या रफिकचाचांनी त्याला मोटारसायकलवर मधे आणि मायला मागे बसवून बुलढाण्याला नेलं. "अजून अर्धा तास गेला असता तर..." एवढंच बोलून डॉक्टर थांबले.

तिसऱ्या दिवशी फोनवर दादाचा आवाज. "काय बे, फवारलं म्या अन् लागलं तुले?" मी हसलो, मग रडलो.

कापसातच औषध राहिलं असेल, असं काहीजण म्हणतात. मॅडमनी त्याच पिशवीतला कापूस पुन्हा विरघळवला, मुद्दाम माझ्या नाकाखाली धरला. काही नाही.

"मॅडम, मग ते काय होतं?"

"नाही माहीत, गजानन."

एवढ्या शिकलेल्या बाईनं मला खरं सांगितलं, याचंच बरं वाटलं.

मायला, रफिकचाचांना, मॅडमना मी हात जोडले. अजून एक नमस्कार बाकी आहे... तो कुणाला करायचा, तेवढं कळत नाही.