शालूकाकीची कानस

केबिन रोडच्या गल्लीतल्या टेबल टेनिस हॉलमध्ये शालू आली ती झाडूपोछा करायला. बॅटींना रबर चिकटवणं तिच्या कामात कुठेच नव्हतं. पण काय करणार, बाईला वाकडंतिकडं चिकटवलेलं बघवतच नसे!

आणि का बघवावं? रत्नागिरीहून लग्न होऊन खारी गावात आल्यापासून बावीस वर्षं तिने घरी बसून खोट्या दागिन्यांवर खडे चिकटवले होते. चिमट्याने खडा उचलायचा, गोंदाचा ठिपका द्यायचा, बोटाने दाबायचा. तिने बसवलेला खडा कधी सुटला नाही. ती कर्णफुलं कोणकोणत्या बायकांनी मिरवली देव जाणे, शालूचं नाव मात्र त्यातल्या एकीलाही ठाऊक नव्हतं. मग कारखानदाराने मशीन आणलं, काम बंद पडलं आणि तिच्या हातात झाडू आला.

हॉलमधली पोरं स्वतःच बॅटच्या लाकडी फळीवर रबर लावत, तेव्हा हिचा जीव खालीवर व्हायचा. भसकन गोंद ओततील, वाळायच्या आत रबर थापतील, मग खाली हवेचे फुगे. एक दिवस तिने झाडू भिंतीला टेकवला. "दे इकडे. पांढरा गोंद काचेसारखा दिसायला लागला की मगच लावायचं. एवढी कसली घाई, लग्नाला जायचंय का?" एक पातळ थर रबरामागच्या स्पंजावर, एक फळीवर. वाळल्यावर बाटलीने लाटत लाटत रबर बसवलं, कडेने कात्री फिरवली. एक फुगा असेल तर शपथ! वर्षभरात सगळा हॉल तिच्याकडे बॅटी घेऊन यायला लागला आणि खेळ शिकवणाऱ्या सुभाष सरांनी रबरांच्या कपाटाची किल्लीच तिच्या हवाली केली. ती किल्ली तिने कमरेला लावली, एखाद्या दागिन्यासारखी.

आणि इथेच तिने माती खाल्ली. हॉलमधला जुना खेळाडू पराग एक बाटली घेऊन आला. "काकी, हे तेल स्पंजाला लावा आणि दिवसभर ठेवा. रबर फुगतं, बॉल बंदुकीसारखा सुटतो. सगळेच लावतात." तिने त्याच्या रबराला लावलं. उरलेलं तेल तिने सान्वीच्या लाल रबराला लावलं, कोणाला न विचारता. हॉलमध्ये शिकणारी चौदा वर्षांची सान्वी तिचा जीव की प्राण. पुढच्या रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड होती. लेकराला तेवढीच मदत, बस्स, एवढंच मनात होतं.

शनिवारी दुपारी सरांनी सान्वीच्या बॅटवर सहज स्टीलची पट्टी ठेवली. पट्टी डुगडुगली. रबराला मध्ये चक्क पोट आलं होतं!

"तेल कोणी लावलं?"

"मी, सर." शालूने सांगून टाकलं.

"ताई, हे नियमात बसत नाही. पंचांनी उद्या पट्टी ठेवली की बॅट बाद."

सान्वी ओरडली नाही, रडली नाही. एवढंच म्हणाली, "काकी, मला विचारायचं तरी."

हे मात्र शालूच्या काळजाला लागलं. तिने कमरेची किल्ली काढून सरांच्या टेबलावर ठेवली.

नवीन रबर मागवलं तर चार दिवस लागणार होते. सरांनी कपाट उपसलं. बिनतेलाचं, चांगल्या पकडीचं एकच लाल रबर निघालं, तेही एका छोट्या बॅटवरून काढलेलं. फळीवर ठेवलं तर चहूबाजूंनी तांदळाच्या दाण्याएवढं कमी.

"लाकूड उघडं राहिलं तरी बाद," सर म्हणाले.

"त्यात काय! तेल लावा, फुगून बरोबर बसेल," पराग म्हणाला.

"गप रे! तुझ्या बाटलीनेच हे दिवस दाखवलेत," शालू कडाडली. ती त्या रबराकडे बघत राहिली. बावीस वर्षांत मापात न बसणारे किती खडे आले होते! खडा काही बदलता येत नाही. कानस घ्यायची आणि खडा जिथे बसवायचा ते घर घासायचं.

"सर, फळी केवढी असावी, असा नियम आहे का हो?"

"नाही. फळी केवढीही चालते."

शालू सान्वीसमोर जाऊन उभी राहिली. "या वेळी विचारतेय. तुझी फळी घासू का?"

सान्वीने बॅट छातीशी धरली. नवी कोरी फळी, वाढदिवसाची. तिने कडेवरून एकदा अंगठा फिरवला. मग तिने बॅट पुढे केली. "घासा."

रिक्षाने खारीला जाऊन शालू आपली जुनी कानस घेऊन आली. दोन्ही रबरं सोलली, लाल रबर ठेवून पेन्सिलीने रेघ मारली आणि घासायला बसली. मधूनमधून कडेवर बोट फिरवायची, पुन्हा घासायची. दुसऱ्या बाजूचं काळं रबरही त्या मापाला कापावं लागलं. उन्हं उतरता उतरता बॅट तयार झाली. सान्वीने तास-दीड तास हात बसवून घेतला. पहिले दहा बॉल हुकले, मग लागायला लागले.

रविवारी सकाळी पंचांनी पट्टी ठेवली. पट्टी हलली नाही. कडेने बोट फिरवलं, कुठे अडलं नाही. बॅट उलटसुलट करून त्यांनी विचारलं, "अशी छोटी कुठल्या कंपनीची गं?"

"कंपनीची नाही, सर. त्या बघा, तिथे बसल्यात, शालूकाकी. खारीच्या. त्यांनी केलीय."

पंचांनी मान वळवून पाहिलं. शालूला पदर कसा सावरावा आणि तोंड कुठे लपवावं, कळेना.

आठ जणी घ्यायच्या होत्या, सान्वी आठवी आली. घामाघूम होऊन ती धावत वर प्रेक्षकांच्या बाकांपाशी आली आणि तिने शालूची मूठ उघडून त्यात काहीतरी ठेवलं. कपाटाची किल्ली.

"सरांकडून मागून आणली," ती म्हणाली. "काळं रबर झिजलंय, काकी. उद्या नवं लावायला बसूया?"