ऑर्डरवरचं कुंकू

नातीला नव्या नोकरीचं पत्र मोबाइलवर आलं, तर बायकोनं त्या काचेलाच हळदकुंकू लावलं. दोन वर्षांतली ही तिसरी नोकरी. आधीच्या दोन्हींत पोरीचं मन रमलं नाही. ओल्या हळदीचा वास आला आणि मी साठ वर्षं मागे, अकोल्याच्या कचेरीत जाऊन उभा राहिलो.

माझ्या नेमणुकीच्या ऑर्डरलाही आईनं असंच कुंकू लावलं होतं, नेमकं रुजू व्हायच्या तारखेवर. हेडक्लार्कांनी कागद उजेडात धरला, नखानं खरवडला आणि हसून म्हणाले, "वऱ्हाडातल्या समद्या ऑर्डरी अशाच येतात. बस."

संध्याकाळी बाबा जिनिंगच्या कारखान्यातून आले. भुवयांवर कापसाची पांढरी धूळ तशीच होती. त्यांनी एकच विचारलं, "डोक्यावर पंखा हाय ना रे?"

"हाय."

"मंग झालं," म्हणून ते असे हसले, जणू पंखा त्यांच्याच डोक्यावर फिरून राहिला होता.

मला तेव्हा रागच आला. काम आवडलं का, हे कोणी विचारलंच नाही. आज नातीला काम आवडेल का, तेवढंच विचारायचं ठरवून मी खुर्ची तिच्याजवळ ओढली, आणि तोंडातून निघालं, "पंखा हाय ना व माय, तिथं?"