आमच्याकडे कालचा पेपर येतो

किस्से रद्दीसारखे साठतात. रोज एक-दोन पडतात, आपण लक्ष देत नाही, आणि एक दिवस बघावं तर छताला टेकलेली थप्पी. रद्दीला निदान गिऱ्हाईक असतं. आमच्या किश्श्यांना तेही नाही, म्हणून ते तुमच्या गळ्यात मारतोय.

आमचं वाचनालय म्हणजे बंद पडलेल्या गिरणीच्या चाळीच्या तोंडाशी असलेली पत्र्याची एक खोली. एक टेबल, दोन बाकडी आणि उद्घाटन करणाऱ्या नगरसेवकाच्या नावाची फरशी. खोलीतली सगळ्यात मजबूत वस्तू ती फरशीच. नगरसेवक होते तोवर सकाळी पेपर यायचा. त्यांची मुदत संपली, पुढची निवडणूक लांबत गेली आणि पेपर बंद झाला. पालिकेच्या ऑफिसात विचारायला गेलो तर साहेब म्हणाले, "लोकप्रतिनिधीच नाहीत, तर पेपरात वाचणार काय तुम्ही?"

मग दस्तगीरभाईंनी मार्ग काढला. ते स्टेशनजवळच्या एका लॉजवर मॅनेजर आहेत. लॉजचा पेपर दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. तो रद्दीत जायच्या आधी ते आमच्याकडे आणू लागले. म्हणजे आमच्याकडे पेपर रोज येतो, पण कालचा.

आम्ही माणसं पाच. दस्तगीरभाई सांगितलेच. दुसरे कलशेट्टी सर, मूळचे दुधनीचे, हायस्कूलमध्ये इतिहास शिकवून रिटायर झालेले. खिशात अजून लाल पेन असतं आणि पेपरातलं शुद्धलेखन ते सुधारल्याशिवाय सोडत नाहीत. तिसरा लोंढे, टेंभुर्णीकडचा, एसटीत कंडक्टर होता. कुणी आत आलं की अजून "पुढं सरका, पुढं सरका" म्हणतो. चौथे अंबादास अण्णा. घरात तेलुगू, चार पॉवरलूमचे मालक, आणि त्या चारही लूमवरचे एकमेव कामगार. टॉवेल विणायचे. लूमच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे त्यांना ऐकू कमी यायचं आणि आवाज मात्र शेजारच्या गल्लीत जायचा. पाचवा मी. पोस्टात सॉर्टर होतो. हे सगळे मला पोस्टमास्तर म्हणतात. पोस्टानं कधी म्हटलं नाही.

सरांनी नियम घालून दिला होता. खोलीत मोबाईल काढायचा नाही, आजचं आज सांगायचं नाही, पेपरात जेवढं आलंय तेवढ्यावरच बोलायचं. कारण मोबाईलवरच्या कसल्याशा फॉरवर्डवरून लोंढे आणि मी महिनाभर बोलत नव्हतो. एक दिवस मागं राहिलं की राग निम्मा होतो, असं सरांचं म्हणणं. त्रास फक्त दस्तगीरभाईंना. ते सकाळी लॉजवर आजचा पेपर वाचून, तोंड मिटून, कालचा घेऊन यायचे.

\*

आमच्या गावात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. कुठल्या भागात कधी, ते पेपरात छापून येतं. कालच्या पेपराची सवय व्हायच्या आधीची गोष्ट. लोंढेनं मोठ्यानं वाचलं, "आज मिल चाळ परिसरात पाणी." आणि टोपी विसरून घरी पळाला. बायकोला म्हणाला, "उठ, घागरी काढ, पाणी येतंय."

वहिनी म्हणाल्या, "काल आलं आन् गेलं की. तीन तास एकलीनं भरलं मी. तुमी काल कुटं होता?"

लोंढेनं आम्हाला येऊन सांगितलं, "काय सांगणार तिला? काल मी परवात होतो."

\*

एका पुढाऱ्यावर लोंढेचा फार जीव. त्यांचं भाषण पेपरात आलं होतं, मरेन पण पक्ष सोडणार नाही म्हणून. लोंढे ते उभा राहून वाचत होता. "ह्याला म्हनायचं निष्ठा. न्हायतर बाकीचे बगा."

तेवढ्यात बाहेर फटाके वाजले. दस्तगीरभाईंनी मान खाली घातली. आम्ही दारात गेलो तर उघड्या जीपमधून तेच पुढारी, गळ्यात हार, आणि जीपवर दुसऱ्याच पक्षाचा झेंडा. त्यांनी आम्हाला हात जोडून नमस्कार केला. आम्हीही केला, सवयीनं.

लोंढे आत येऊन बसला. पेपर उचलून तेच भाषण पुन्हा काढलं. मग म्हणाला, "आपल्याकडं अजून निष्ठावंतच हाय की."

आम्ही हसलो. पण खरं सांगू, मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. चाळीस वर्षं मी न चुकता मत दिलंय, उन्हातान्हात रांगेत उभं राहून. पत्ता बरोबर लिहूनही पत्र भलत्याच घरात पडावं, तसं माझं मत दर वेळी कुठं जातं कळत नाही.

\*

इंग्रजांच्या काळात हे गाव तीन-चार दिवस स्वतंत्र होतं, ही गोष्ट सर वर्षातून एकदा तरी सांगतात. सांगताना त्यांचा आवाज भरून येतो. त्या वेळीही आला.

अण्णांनी कानामागं हात धरून विचारलं, "किती दिवस म्हणलात?"

"तीन-चार."

"म्हंजे दोन पाण्याच्या मधी आलं आणि गेलं की," अण्णा ओरडले.

सर त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच हसायला लागले.

\*

पुढं एकदा प्रचाराचे दिवस आले. पांढऱ्या शर्टातले दोघे आले आणि एकेक कागद आमच्या हातात देऊन गेले. परत फिरताना आत डोकावले, तर सरांनी त्यांच्या कागदावरच्या इतिहासात लाल पेननं सात चुका काढलेल्या. कुठला राजा कुठल्या शतकातला, कोण कुणाचा मुलगा, सगळं बाजूला नीट लिहून दिलं होतं.

त्यातल्या एकानं कागद बघितला आणि अगदी आदरानं म्हणाला, "सर, हे तुमच्या वेळचं असंल. आता बदललंय."

"काय बदललंय?"

"इतिहास."

सर फार थकले की कानडीत जातात. "होगली बिडु," म्हणाले. म्हणजे जाऊ दे. पेनाचं टोपण लावलं आणि त्या दिवशी पेपरातली एकही वेलांटी सुधारली नाही.

\*

आता अण्णांच्या पत्रांचं सांगायला हवं.

आमच्या पेपरात सहाव्या पानावर वाचकांची पत्रं येतात. तिथं एकदा तरी आपलं नाव छापून यावं, एवढी एकच इच्छा अण्णांना होती. ते दर पंधरवड्याला पत्र लिहायचे आणि माझ्या हातात द्यायचे. "पोस्टमास्तर, तुमच्या हातानं टाका. तुमचा हात बगून लवकर पोचवतेत." मी पेटीत टाकायचो. अण्णांची पत्रं सगळ्या विषयांवर असायची. रस्त्यावरचा खड्डा, टॉवेलचं सूत, पोरं सगळी पुण्याला जातात त्याचं काय करायचं. एकही छापून आलं नाही.

त्यांचं सगळ्यात आवडतं पत्र गिरणीच्या भोंग्यावर होतं. ते मला पाठ आहे. "संपादक साहेब, गिरणी बंद केला ते केला, भोंगा का बंद केला? भोंगा होता तवर गावाला किती वाजले ते कळत होतं. आता घड्याळ हाय पण वेळ कळत न्हाई. तरी भोंगा चालू करावा."

सरांना दया आली. त्यांनी ते पत्र घेतलं आणि लाल पेननं नीट केलं. "महोदय, आपल्या लोकप्रिय दैनिकाद्वारे" इथपासून ते "सदर बाबीकडे प्रशासनाने लक्ष द्यावे" इथपर्यंत. एक अक्षर चुकीचं ठेवलं नाही. अण्णांनी ते दोनदा वाचलं.

"सर, ह्याच्यात माझं काय राहिलं?"

सरांनी कागद डोळ्यांजवळ धरून बघितला. "सही."

अण्णांनी ते घडी घालून सरांना परत दिलं आणि स्वतःचंच पुन्हा नव्या कागदावर उतरून काढलं. मी तेच टाकलं.

\*

साठी उलटली की माणूस पेपर चौथ्या पानावर उघडतो. आमच्या पेपरात निधनाच्या बातम्या चौथ्या पानावर असतात. लोंढे आधी तिथं बोट फिरवायचा, वरून खाली, तिकिटं तपासल्यासारखं. मग म्हणायचा, "न्हाय आपलं नाव."

मी एकदा म्हटलं, "लोंढे, हा कालचा पेपर आहे."

"मग काल हुतो येवढं नक्की," लोंढे म्हणाला. "आज हाय का न्हाय ते उद्या कळंल."

अण्णांना हे इतकं आवडलं की ते चहा पिता पिता ठसकले. चहाही त्यांच्याच आवाजात सांगितला जायचा. समोरच्या टपरीला ते बसल्या जागेवरून हाक मारायचे, "पाच!" उठायची गरज पडायची नाही.

\*

गेल्या वर्षी अण्णांचे लूम गेले. टॉवेलला मागणी नाही, गुडघ्यात जोर नाही, आणि मुलगा पुण्यात. भंगारवाल्यानं चारही लूम एका दुपारी उचलून नेले. अण्णा दुसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "घरात लई शांत हाय. झोप येईना."

मग मुलगा न्यायला आला. जाताना अण्णांनी माझ्याकडे एक पाकीट दिलं. भोंग्याचंच पत्र, पुन्हा एकदा लिहिलेलं. "हे टाका. आणि छापून आलं तर कात्रण ठेवा. तिकडं पोराकडं पेपर न्हाई, सगळं मोबाईलवर."

मी हो म्हटलं. मला रडू येत होतं, आणि मी ते सर्दी म्हणून खपवलं.

पुण्याहून ते आठवड्यातून एकदा मला फोन करायचे. मी खोलीबाहेर जाऊन घ्यायचो, नियम म्हणून. आत सगळ्यांना ऐकू यायचंच.

"कसं आहे तिकडं?"

"नळाला चोवीस तास पाणी हाय, पोस्टमास्तर."

"मग बरंय की."

"काय बरं? पाण्याची वाट बगायची न्हाई, लूमवर उभं राहायचं न्हाई. दिवसभर करायचं काय माणसानं?" आणि शेवटी ठरलेला प्रश्न. "आलं का?"

"नाही अजून."

"येईल."

आम्ही चौघं रोज सहावं पान बघत होतो. लोंढेसुद्धा चौथं पान सोडून आधी सहावं उघडायला लागला. चहा आता चार लागायचे, आणि लोंढेला टपरीपर्यंत चालत जाऊन सांगावे लागायचे. आमच्यापैकी कुणाचाच आवाज तिथवर पोचत नाही.

\*

मागच्या महिन्यात अण्णांचा फोन आला नाही. मी केला, तर बंद. पोरानं नवीन मोबाईल घेऊन दिला असेल, असं लोंढे म्हणाला. आम्ही ते मान्य करून टाकलं.

त्यानंतर चार-पाच दिवसांनी दस्तगीरभाई नेहमीच्या वेळेला आले. कालचा पेपर टेबलावर ठेवला. रोज ते लगेच बसतात, त्या दिवशी उभेच राहिले.

सर म्हणाले, "बसा की."

"सर, मैं नियम तोडताऊं आज," दस्तगीरभाई म्हणाले. "आज के पेपर में अण्णा का नाव आलंय."

लोंढेनं टेबलावर थाप मारली. "छापलं! बगा, म्हनलो नव्हतो? छापलं येकदाचं." तो माझा दंड धरून हलवत होता. मी कात्रीसाठी ड्रॉवर उघडला. कात्रणाचं मी कबूल केलं होतं. कात्री गंजलेली होती, पण होती.

सरांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि हसत हसत विचारलं, "सहाव्या पानावर ना?"

दस्तगीरभाईंनी चार बोटं दाखवली.

लोंढेचा हात माझ्या दंडावर तसाच राहिला. बाहेर कुणीतरी नळाला पाणी आलं म्हणून ओरडत गेलं, आणि आमच्यातलं कुणी उठलं नाही.

सरांनी पेनाला टोपण लावलं, खिशात ठेवलं. मग टेबलावरचा कालचा पेपर स्वतःकडे ओढला, पहिल्या पानावर उघडला, चष्मा लावला.

"आपल्याकडं अजून आलेलं नाही," सर म्हणाले. "लोंढे, चहा सांग. पाच."